जहाज रोमला जात नाही

भूमध्य समुद्रातल्या क्रूझची कुठलीही जाहिरात उघडा. बार्सिलोना, रोम, फ्लॉरेन्स, अथेन्स अशी नावं ओळीनं छापलेली असतात. बार्सिलोना खरं आहे. अथेन्सही बऱ्यापैकी खरं आहे, कारण पिरेअस बंदरातून मेट्रोत बसलं की पंचवीसेक मिनिटांत माणूस मोनास्तिराकीला, अॅक्रोपोलिसच्या पायथ्याशी उतरतो. रोम आणि फ्लॉरेन्स मात्र खरी नाहीत. जहाज लागतं चिवितावेक्कियाला, तिथून रोम ७० ते ८० किलोमीटर. जहाज लागतं लिव्होर्नोला, तिथून फ्लॉरेन्स ९० किलोमीटर. पुणं दाखवतो म्हणून कोणी आपल्याला लोणावळ्याला उतरवलं, तर आपण दुसऱ्या दिवशी त्या कंपनीच्या दारात जाऊन उभे राहू. इथे मात्र लाखो रुपये भरतो आणि बंदराचं नावही विचारत नाही.

म्हणून पहिल्या क्रूझची आखणी शहरांच्या नावांवरून करू नका. घड्याळावरून करा. जहाज किती वाजता लागतं, किती वाजता सुटतं, बंदर ते ठिकाण जायला-यायला किती वेळ जातो आणि हातात काय उरतं, एवढा हिशेब प्रत्येक बंदरासाठी कागदावर मांडा. बाकी सगळी आखणी यातूनच निघते. कुठे उतरायचं, काय बघायचं, जहाज कंपनीची सहल घ्यायची की नाही आणि त्या रात्री जहाजावर नाचगाण्याचा कार्यक्रम बघायचा की लवकर झोपायचं, सगळं.

रोमचाच हिशेब घ्या. जहाज सकाळी सातला लागलं, असं धरू. बंदराच्या अधिकाऱ्यांची परवानगी, उतरणाऱ्यांची रांग, यात पाऊण-एक तास गेला. बंदराच्या बसनं बाहेरच्या थांब्यापर्यंत, तिथून रेल्वे स्टेशन, तिकीट, फलाट, आणखी अर्धा-पाऊण तास. गाडी तास-सव्वा तास घेते. म्हणजे रोममध्ये पाय टेकायला दहा वाजले. संध्याकाळी सातला जहाज सुटणार असेल, तर साडेसहापर्यंत सगळे आत हवेत. गाडी उशिरा आली तर हाताशी वेळ हवा, म्हणून तीन-साडेतीनला रोम सोडायचं. उरले पाच तास. त्यात व्हॅटिकनची संग्रहालयं, सिस्टिन चॅपेल, सेंट पीटर्स, कलोसियम, ट्रेव्ही कारंजं आणि स्पॅनिश पायऱ्या बसवणारी सहल आपल्याला विकली जाते. ती घेणारा माणूस बसच्या काचेतून रोम बघतो आणि गाइडच्या छत्रीमागे धावतो.

पाच तासांत एक गोष्ट नीट होते. ती ठरवा. व्हॅटिकन बघायचं असेल तर रोमच्या मुख्य स्टेशनापर्यंत जाऊच नका. चिवितावेक्कियाहून येणाऱ्या गाड्या वाटेत रोमा सान पिएत्रोला थांबतात, तिथून सेंट पीटर्सचं पटांगण दहा-पंधरा मिनिटं चालत. कलोसियम बघायचं असेल तर रोमा ओस्तिएन्सेला उतरा, शेजारच्या पिरामिदे स्टेशनातून मेट्रो घ्या, दुसरं स्टेशन कलोसियम. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, नाहीतर सेंट पीटर्सच्या दारातून परत पाठवतात. एवढंच करा, जवळच्या गल्लीत बसून जेवा आणि परत या.

तेही धावपळीचं वाटत असेल तर आणखी एक रस्ता आहे आणि माझं मत त्याच्या बाजूनं आहे. चिवितावेक्कियाहून उलट्या दिशेला, रेल्वेनं पंधरा-वीस मिनिटांवर तार्क्विनिया आहे. रोमनांच्या आधी इथे एत्रुस्कन लोक राहत. त्यांची जमिनीखालची थडगी रंगवलेली आहेत. मेजवान्या, नर्तक, वादक, शिकार, पाण्यात सूर मारणारा मुलगा, असं सगळं दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचं भिंतींवर आहे. पायऱ्या उतरून खाली जायचं, दिव्याचं बटण दाबायचं आणि काचेतून बघायचं. २००४ पासून हे जागतिक वारसा यादीत आहे. तिथे गेलेल्या माणसाचा दिवस बसमध्ये संपत नाही.

दुसरी गोष्ट वार. ही कोणी सांगत नाही आणि पैसे भरल्यावर कळते. फ्लॉरेन्सची उफिझी आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड असलेली अकादेमिया सोमवारी बंद. नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती फुकट उघडतात आणि तेव्हाची गर्दी सोसवत नाही. माल्टातलं सेंट जॉन्स कथीड्रल रविवारी पर्यटकांना बंद. आता लक्षात घ्या की सात रात्रींच्या फेरीवरचं जहाज दर आठवड्याला त्याच वारी त्याच बंदरात येतं. जे जहाज सोमवारी लिव्होर्नोला लागतं, ते त्या हंगामात प्रत्येक सोमवारी लिव्होर्नोलाच लागणार. उफिझीसाठी जीव टाकणाऱ्या माणसानं ते जहाजच घेऊ नये. प्रत्येक बंदरापुढे वार लिहा आणि मगच जहाज निवडा.

तिकिटं घरूनच काढा. बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाचं बांधकाम १८८२ मध्ये सुरू झालं, अंतोनी गाउदी १९२६ मध्ये गेला आणि काम अजून चालू आहे. तिथे ठरलेल्या वेळेचं तिकीट लागतं आणि मोसमात ती आधीच संपतात. कलोसियमची तिकिटं साधारण महिनाभर आधी खुली होतात आणि त्यावर नाव असतं. पॉम्पेईत नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे आणि तिथेही तिकिटावर नाव आहे. अॅक्रोपोलिसला २०२३ पासून दिवसाला २०,००० ची मर्यादा आणि तासाची वेळ ठरलेली. दारात जाऊन बघू, ही आपली सवय इथे चालत नाही.

आता कंपनीची सहल की स्वतःची? उत्तर सोपं आहे. कंपनीच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं, नाहीतर पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवायची जबाबदारी कंपनीची. स्वतः गेलात आणि उशीर झाला तर जहाज निघून जातं, पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा. म्हणून ठिकाण दूर असेल आणि मध्ये रेल्वे नसेल तर कंपनीची सहल घ्या. ठिकाण बंदराला लागून असेल तर तिच्यावर एक युरोही घालवू नका. किमतीचा फरक मोठा असतो, आणि चाळीस माणसांच्या घोळक्यात दुकानासमोरचा सक्तीचा अर्धा तास वेगळाच. उतरताना मनगटावरच्या घड्याळात जहाजाची वेळ लावा. इटलीतून ग्रीसला गेलात की मोबाइल आपोआप एक तास पुढे जातो, पण जहाज आपल्या वेळेनं चालतं. जहाजाची वेळ कुठली, हे दररोज सकाळी बघायचं.

ज्या बंदरात जहाज थेट जुन्या शहराच्या अंगाला लागतं, ते बंदर सोन्याचं. पहिल्या क्रूझसाठी मार्ग निवडताना अशी बंदरं मोजा. नेपल्स, जेनोव्हा, पालेर्मो, माल्टातलं व्हॅलेटा. जाहिरातीत ही नावं बारीक अक्षरात असतात, कारण ती रोमइतकी विकली जात नाहीत.

नेपल्सच बघा. जहाज स्टाझिओने मारित्तिमाला लागतं. इमारतीतून बाहेर आलात की रस्त्यापलीकडे कास्तेल नुओव्हो, १२७९ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला. त्याच्या बाजूच्या चौकात म्युनिचिपिओ मेट्रो स्टेशन. या स्टेशनाच्या खोदकामात रोमन काळातलं बंदर आणि त्यात बुडालेली जहाजं सापडली. तिथून मेट्रो घ्या. पहिलं स्टेशन तोलेदो, निळ्या मोझेकचं, तिथे उतरून सरकत्या जिन्यावर मान वर करून बघण्यासारखं. तिसरं स्टेशन म्युझेओ. बाहेर आलं की पुरातत्त्व संग्रहालय. पॉम्पेईतली बरीचशी उत्तमोत्तम भित्तिचित्रं, मोझेक, घरातली भांडी पॉम्पेईत नाहीत, ती इथे आहेत. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेलं सगळं घरदार इथे हाताच्या अंतरावरून दिसतं. दोन-तीन तास बघा आणि चालत खाली या. वाटेत गल्ल्यांमध्ये दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, पेठेसारखी दुकानं, कागदात गुंडाळून हातात दिलेला तळलेला पिझ्झा. चालत चालत जहाज येतं. या दिवसात बस नाही, छत्रीवाला गाइड नाही, धावपळ नाही.

पॉम्पेई बघायचंच असेल तर जरूर बघा, ते जगातलं एकमेव ठिकाण आहे. गारिबाल्दी स्टेशनातून चिर्कुमवेझुव्हियाना ही लोकल मिळते, चाळीसेक मिनिटांत पॉम्पेई स्काव्ही. दारातून आत गेल्यावर तीन तास, उन्हात, दगडी रस्त्यावर. पण त्या दिवशी पॉम्पेईच. व्हेसुव्हियस, सोरेन्तो आणि काप्री त्याच दिवसात कोंबणारी सहल कोणी कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नका.

व्हॅलेटाला पहाटे उठा. हे मी आग्रहानं सांगतो. जहाज ग्रँड हार्बरमध्ये शिरतं तेव्हा दोन्ही बाजूंना मधाळ रंगाच्या दगडाचे किल्ले असतात. १५६५ च्या वेढ्यात ऑटोमन आरमाराला याच खाडीत अडवलं गेलं आणि पुढच्या वर्षी व्हॅलेटाची पायाभरणी झाली. हे दृश्य डेकवरून फुकट आहे आणि कुठल्याही सहलीत विकत मिळत नाही. उतरल्यावर बंदराजवळच ५८ मीटर उंचीची लिफ्ट आहे, ती अर्ध्या मिनिटात वरच्या बाराक्का बागेत पोहोचवते. दुपारी बाराला तिथली तोफ उडते. तिथून सेंट जॉन्स कथीड्रल चालत दहा मिनिटं. आत काराव्हाज्जोचं १६०८ चं मोठं चित्र आहे, योहानाच्या शिरच्छेदाचं. त्यानं आपली सही केलेलं हे एकच चित्र, तीही सांडलेल्या रक्तात. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांनाही हा दिवस झेपतो.

जेनोव्हाही तसंच. धक्क्यावरून चालत व्हिया गारिबाल्दी, जिथले श्रीमंतांचे वाडे सरकारी पाहुण्यांच्या मुक्कामासाठी यादीत घातले जात. त्या वाड्यांपैकी ४२ वाडे २००६ मध्ये जागतिक वारसा झाले. आणि लिव्होर्नोला सोमवारी लागलातच तर फ्लॉरेन्सचा हट्ट सोडा. लिव्होर्नोला स्वतःचे कालवे आहेत, जुना किल्ला आहे, कच्चुक्को नावाचा माशांचा झणझणीत रस्सा आहे. मनोऱ्याचं पिसा रेल्वेनं वीसेक मिनिटांवर. दिवस भरतो.

सांतोरिनीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण फोटो बघून सगळे तिथेच भाळतात. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही. पाण्यात उभं राहतं आणि टेंडर म्हणजे लहान बोटी माणसं किनाऱ्यावर नेतात. कंपनीच्या सहलीवाले आधी उतरतात, बाकीचे क्रमांकाची चिठ्ठी घेऊन थांबतात. किनाऱ्यावरून वरच्या फिरा गावात जायला केबल कार, नाहीतर ५८० हून जास्त पायऱ्या. गाढवावर बसून जाण्याचा मोह टाळा. त्या जनावरांचे हाल इतके झाले की २०१८ मध्ये ग्रीसला वजनाचा नियम करावा लागला, १०० किलो किंवा जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं नको. संध्याकाळी सगळी जहाजं एकदम परत निघतात तेव्हा केबल कारची रांग तासाच्या पुढे जाते. वयस्कर माणसं बरोबर असतील तर सकाळी लवकर जा आणि दुपारीच खाली या. सूर्यास्ताचा फोटो डेकवरूनही चांगला येतो.

गर्दीचं हे दुखणं आता शहरांनीच हातात घेतलं आहे आणि ते योग्य आहे. व्हेनिसमध्ये १ ऑगस्ट २०२१ पासून मोठी जहाजं सेंट मार्क चौकासमोरून जाऊ शकत नाहीत. दुब्रोव्हनिकनं एका वेळी दोनच जहाजं येऊ द्यायची ठरवलं. पाल्माने २०२२ पासून दिवसाला तीन जहाजांची मर्यादा घातली. सांतोरिनीनं दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची सीमा आखली आणि ग्रीसनं जुलै २०२५ पासून गर्दीच्या मोसमात तिथे आणि मिकोनोसला माणशी २० युरो कर लावला. बार्सिलोनानं २०२५ मध्ये जहाजांची सात टर्मिनलं २०३० पर्यंत पाचवर आणायचा करार केला. जाहिरातीत व्हेनिस छापलेलं असेल तर जहाज रावेन्नाला लागतंय, त्रिएस्तेला की मार्घेराला, हे विचाराच. रावेन्ना असेल तर तिथली पाचव्या-सहाव्या शतकातली मोझेक बघा, व्हेनिसकडे धावू नका.

या शहरांचा राग समजून घ्या. जहाजावर न्याहारी करून उतरायचं, फ्रिजवरचं चुंबक घ्यायचं, फोटो काढायचे आणि जेवायला जहाजावर परत, असा प्रवासी शहराला गर्दीपलीकडे काही देत नाही. जेवणाचे पैसे आधीच भरलेत, मग बाहेर का खायचं, हा हिशेब आपल्या घरात फार चालतो. तो सोडा. प्रत्येक बंदरात दुपारचं एक जेवण तिथल्या लोकांच्या खानावळीत करा. शाकाहारी असाल तर इटलीइतका सोपा देश नाही. फोकाच्चा, पार्मिजाना, टोमॅटोचा पास्ता, सिसिलीतला चण्याच्या पिठाचा तळलेला पानेल्ले, काय हवं ते मिळतं. शहराला दोन पैसे मिळतात आणि तुम्हाला त्या शहराची चव कळते.

व्हिसाचं एक. जहाज इटली, फ्रान्स, स्पेन एवढंच फिरत असेल तरी भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतोच. मार्गात तुर्कस्तानातलं कुशादासी किंवा मॉन्टेनेग्रोतलं कोतोर असेल तर तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडून परत आत येता, म्हणजे मल्टिपल एंट्रीच हवी. या दोन देशांचे आपले नियम काय, हे कंपनीकडून लेखी घ्या. ज्या देशात जास्त दिवस त्याच्याकडे अर्ज, दिवस सारखे असतील तर पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे. ३०,००० युरोंचा आरोग्य विमा सक्तीचा आहे. आणि जहाज सुटण्याच्या दिवशीच तिथे उतरणारं मुंबईचं विमान घेऊ नका. आदल्या दिवशी पोहोचा. विमान चुकलं म्हणून जहाज थांबत नाही.

आता जहाजावरचे कार्यक्रम. त्यांची आखणी बंदरांच्या हिशेबानंतर करायची, आधी नाही. लोक उलटं करतात. घरी बसून जहाजावरचं खास रेस्टॉरंट, नाटक, स्पा, सगळं आरक्षित करतात आणि मग पॉम्पेईहून उन्हात भाजून आलेला माणूस रात्री दहाच्या खेळात खुर्चीवर झोपतो. बंदराचा दिवस जड असेल तर संध्याकाळ हलकी ठेवा. लवकर जेवण, डेकवर एक फेरी, झोप. बंदराचा दिवस हलका असेल, व्हॅलेटासारखा, तर त्या रात्री मोठा कार्यक्रम घ्या. पूर्ण दिवस समुद्रात असेल त्याच्या आदल्या रात्री हवं तेवढं जागा. थिएटरचे खेळ बहुधा रात्री दोनदा होतात, जेवणाच्या दोन पाळ्यांना धरून. जेवणाची पाळी निवडलीत की खेळाची वेळही ठरते, म्हणून पाळी विचार करून घ्या. खास रेस्टॉरंटमध्ये जायचं असेल तर पहिली रात्र बरी. तेव्हा गर्दी कमी असते.

आठवड्याच्या फेरीत समुद्रातला पूर्ण दिवस एखादाच असतो, कधी तोही नसतो. म्हणून पाच-सहा बंदरांपैकी एका बंदरात उतरूच नका. सगळे उतरल्यावर पोहण्याचा तलाव मोकळा, स्पाचे दर बहुधा कमी, ग्रंथालयात शांतता. ज्या जहाजासाठी एवढे पैसे मोजले ते जहाज त्या दिवशी तुमचं असतं. उतरलो नाही तर पैसे फुकट गेले, असं म्हणणाऱ्या नातेवाइकांचं ऐकू नका.

पहिल्या दिवशीची आपत्कालीन कवायत मात्र चुकवायची नाही. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज चिवितावेक्कियाहून निघालं आणि काही तासांत जिल्यो बेटाजवळच्या खडकावर आपटलं. ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमानुसार ती २४ तासांत केली तरी चालत होती. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला. जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच कवायत व्हायलाच हवी. आपलं जमण्याचं ठिकाण कुठलं, लाइफ जॅकेट कुठे, केबिनमधून जिना कुठल्या बाजूला, हे स्वतः चालून बघा. आई-वडिलांना बरोबर न्या. सामान नंतर लावा.

जेवणाचं आधी सांगा. जैन जेवण, कांदा-लसूण नको, मधुमेह, दात नाहीत म्हणून मऊ अन्न, जे असेल ते तिकीट काढताना लेखी कळवा आणि पहिल्या रात्री जेवणघराच्या प्रमुखाला भेटून पुन्हा सांगा. बहुतेक जहाजांवर ते मनापासून करतात. त्यासाठी घरून कुकर आणि पिठाची पोती न्यायची गरज नाही. समुद्रात गेलात की मोबाइल एरोप्लेन मोडवर टाका. जहाजाच्या नेटवर्कवर गेलेला एक व्हिडिओ कॉल महिन्याच्या बिलाची वाट लावतो.

आणि कर्मचाऱ्यांबद्दल. या जहाजांवर गोव्याचे तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, पिढ्यान्पिढ्या काम करत आले आहेत, कोकणातली मुलंही असतात. तुमची केबिन आवरणारा, टेबलावर वाढणारा माणूस बार्देश-सासष्टीचा असू शकतो. सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांचा करार, त्यात आठवड्याची सुट्टी नाही. बिलात रोज माणशी सेवाशुल्क लागतं, ते शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन काढून टाकायला सांगणं हा काही प्रवाशांचा नेम झाला आहे. ते करू नका. ती रक्कम पहिल्या दिवसापासून खर्चात धरा.

शेवटी मुंबई-पुण्याच्या पर्यटन कंपन्यांना. वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देता, त्यात शहराच्या नावाखाली तीन गोष्टी छापा. बंदराचं खरं नाव, तिथून शहराचं अंतर आणि शहरात प्रत्यक्ष मिळणारे तास. त्याला एक ओळ पुरते. लोक आयुष्यभराच्या बचतीतून, फंडातून, मुलांनी पाठवलेल्या पैशातून ही सफर करतात. त्यांना निवड करता येईल एवढी माहिती देणं तुमचं काम आहे. आणि प्रवाशांनो, कंपनीनं छापलं नाही तर पैसे भरण्याआधी तुम्ही या तीन गोष्टी लेखी मागा. जी कंपनी देईल तिच्याकडे जा. जी टाळेल तिच्या ऑफिसातून चहा न घेता उठा.